सांगा, पण चारचौघांत नको

वाचक भगिनीचे पत्र :

“माझे वय 35, राहणार इंदिरानगर, नाशिक. माझी मावसबहीण 27 वर्षांची आहे. निफाड तालुक्यातल्या गावाहून ती बारावीनंतर शिकायला आमच्याकडे आली आणि सहा वर्षे आमच्याच घरी राहिली. आता ती अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स विभागात नोकरी करते आणि गंगापूर रोडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. दोन वर्षांपूर्वी तिची एका मुलाशी ओळख झाली. तो द्राक्ष निर्यातीचा व्यवसाय उभा करतो आहे असे सांगतो. त्याने तिच्या बचतीतले 2 लाख 40 हजार रुपये घेतले आहेत, शिवाय तिच्या नावावर 3 लाखांचे वैयक्तिक कर्ज काढायला लावले, त्याचे हप्ते तिच्या पगारातून जातात. ‘सीझन संपला की देतो’ असे म्हणता म्हणता दोन हंगाम गेले. तिच्या मोबाइलचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, ती कुठे आहे ते त्याला सतत दिसते. मनाविरुद्ध काही झाले की तो चार-पाच दिवस बोलणे बंद करतो आणि मग काहीतरी भेटवस्तू घेऊन येतो. आम्ही दोघी दर गुरुवारी संध्याकाळी सोमेश्वरला फिरायला जात असू, तेही दिवाळीपासून बंद झाले. सहा महिन्यांपूर्वी ‘तो मला बरा वाटत नाही’ एवढेच म्हणाले, तर ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या सहकारी बाईंकडून कळले, की याच मुलाचा मे महिन्यात सिन्नरच्या एका मुलीशी साखरपुडा झाला आहे आणि त्यांच्याकडूनही त्याने व्यवसायासाठी पैसे घेतले आहेत. त्या मुलीशी मी बोलले. तिने साखरपुड्याचा फोटो आणि त्याचे काही मेसेज पाठवले. ‘तुझ्याशिवाय माझं कोण आहे, एवढा एक सीझन सांभळून घे’ हा मेसेज माझ्या बहिणीने पूर्वी मला दाखवला होता. तोच, त्याच शब्दांत, ‘सांभाळून’ हा शब्द तसाच चुकीचा लिहून, सिन्नरच्या मुलीलाही आला आहे. येत्या रविवारी मावशी आणि काका गावाहून येत आहेत. त्या मुलालाही घरी बोलावून सर्वांसमोर हे मांडावे आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावावा असे मी ठरवले आहे. मिस्टर म्हणतात, सज्ञान मुलगी आहे, तू मध्ये पडू नकोस. सांगावे की नको? आणि सांगायचे तर कसे?”

ताई,

तुमच्या प्रश्नातला सोपा भाग आधी घेते. सांगावे का? होय, सांगावे, आणि फार दिवस न लावता सांगावे. तुमच्या मिस्टरांचे म्हणणे एरवी रास्त आहे. त्या मुलाची वागणूक, बोलण्याची ढब किंवा त्याचा अस्थिर व्यवसाय एवढेच तुम्हाला खटकत असते, तर मीही त्यांचीच बाजू घेतली असती, कारण सत्तावीस वर्षांच्या मुलीने कोणाबरोबर राहावे हे तिने ठरवायचे असते. परंतु इथे प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. ज्या माणसासाठी ती दरमहा पगारातून हप्ता भरते त्याचा दुसरीकडे साखरपुडा झालेला आहे, ही माहिती तिच्या आयुष्याशी थेट निगडित आहे आणि ती तिच्याजवळ नाही. ही माहिती तुम्ही स्वतःजवळ ठेवलीत, तर तिचा निर्णय तिच्या नकळत तुम्हीच घेतल्यासारखे होईल.

मात्र रविवारचा बेत कृपा करून रद्द करा.

तो दिवस जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. दिवाणखान्यात मावशी, काका, तुम्ही, तुमचे मिस्टर आणि तो मुलगा बसलेले आहेत. तुम्ही फोटो पुढे करता. तुम्हाला वाटते, की आता तो गडबडेल. मला तसे वाटत नाही. दोन घरी दोन संसारांची स्वप्ने दाखवून पैसे आणणारा माणूस अशा प्रसंगाची उत्तरे मनात तयार ठेवून असतो. तो मान खाली घालेल, घरच्यांच्या दबावामुळे साखरपुडा करावा लागला आणि हे तिला योग्य वेळी सांगणारच होतो असे म्हणेल, कदाचित डोळ्यांत पाणीही आणेल. मावशी पदर डोळ्यांना लावून रडू लागतील आणि काका, गावाकडचे बहुतेक वडील म्हणतात तेच म्हणतील : “सामान भर आणि गावी चल.” त्या खोलीत तुमच्या बहिणीपुढे दोनच वाटा उरतील. आईवडिलांदेखत आपण फसवले गेलो हे कबूल करणे ही एक, आणि त्याची बाजू घेऊन भांडणे ही दुसरी. माणूस अशा वेळी दुसरी वाट धरतो, कारण पहिलीत सगळ्यांसमोर स्वतःचा पाणउतारा सोसावा लागतो. ज्याला तुम्ही आरोपी म्हणून बोलावले तो बाजूला राहील आणि उलटतपासणी तुमच्या बहिणीची होईल.

याहून मोठा धोका त्या “गावी चल”मध्ये आहे. अंबडची नोकरी, गंगापूर रोडची खोली आणि त्या दोन मैत्रिणी एवढेच आज तिचे स्वतःचे म्हणावे असे आहे. घरच्यांनी ते काढून घेतले, तर तिच्या मनाचे बोलायला नेमका तोच माणूस उरेल. आणि हे तिला पक्के ठाऊक आहे. दोन वर्षे तिने आईवडिलांपासून हे नाते आणि हे कर्ज लपवले, त्यामागे त्या मुलाचा जितका दबाव आहे तितकीच नोकरी आणि नाशिक सुटण्याची भीतीही असावी असा माझा अंदाज आहे. म्हणून मावशी-काकांना रविवारी येऊ द्या, जेवू द्या, सुखाने परत जाऊ द्या. तिच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी; एरवी त्यांना केव्हा आणि किती सांगायचे हे तिच्याशी बोलूनच ठरवा.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या एका जिवलग मैत्रिणीच्या बाबतीत मी हीच चूक केली आहे. तिच्या भावाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भाऊ आणि वहिनीच्या समोर मी कागद मांडले होते. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या खोटेपणाचे अकरा मुद्दे तारखांसह लिहून नेले होते. तिने ते सगळे शांतपणे वाचले आणि सातव्या मुद्द्यावर बोट ठेवले. “या दिवशी तो पुण्याला त्या मुलीबरोबर होता असं तू लिहिलंस. त्या दिवशी माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं. तो रात्रभर दवाखान्यात बाकावर बसून होता.” तारीख माझीच चुकली होती, मी ती ऐकीव माहितीवरून लिहिली होती. त्या एका चुकीपुढे उरलेले दहा मुद्दे गळून पडले. तिने कागदाची घडी केली, माझ्या हातात दिली आणि ती उठून गेली. दोन महिन्यांनी तिने त्याच्याशी लग्न केले. तिचा फोन मला चार वर्षांनी आला, तोही रात्री दीड वाजता. मधल्या चार वर्षांत तिने काय सोसले हे मला तेव्हा कळले, आणि त्या काळात ती मला फोन करू शकली नाही याला त्या टेबलावरची माझी संध्याकाळ कारण होती.

म्हणून तयारीची सुरुवात पुराव्यापासून करा. तुम्ही स्वतः पाहिलेले काय, दुसऱ्याकडून ऐकलेले काय आणि तुमचा तर्क काय, हे तीन भाग मनात स्वच्छ वेगळे करा आणि बहिणीपुढे फक्त पहिला भाग न्या. साखरपुडा खरोखर याच वर्षी झाला का, तो अजून कायम आहे का, फोटोतला मुलगा निःसंशय तोच आहे का, हे सिन्नरच्या मुलीला पुन्हा एकदा नीट विचारा. हा फोटो आणि हे मेसेज माझ्या बहिणीला दाखवले तर चालतील का, हेही विचारा, कारण ती मुलगीसुद्धा फसवली गेलेली आहे, तिच्या घरीही अब्रूचा प्रश्न आहे आणि तिच्या परवानगीशिवाय तिचे खासगी आयुष्य कोणापुढे उघडण्याचा हक्क आपल्याला नाही. ती स्वतः तुमच्या बहिणीशी बोलायला तयार असेल तर उत्तमच, पण तसा आग्रह धरू नका. ऑफिसमधल्या बाईंनी आणखी काय काय सांगितले, त्याच्या घरच्यांबद्दल लोक काय बोलतात, हे सगळे वगळा. एक फोटो आणि एक मेसेज पुरेसा आहे.

आणि यातले काहीही तिच्या मोबाइलवर पाठवू नका. तुम्हीच लिहिले आहे, की तिचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर “तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे” असा मजकूरसुद्धा नको, कारण तो तिच्याआधी त्याच्या वाचनात येऊ शकतो आणि मग तुमच्याविषयी तिचे मन कलुषित करायला त्याला दोन दिवस मिळतील. तिला तुमच्या मोबाइलवर दाखवा, छापील प्रत हातात देऊन पाठवू नका. तिचे ठिकाण त्याला दिसत असल्यामुळे एखाद्या नव्या कॅफेत बोलावण्याऐवजी इंदिरानगरला तुमच्याच घरी बोलवा. सहा वर्षे ज्या घरात ती राहिली तिथे जाण्याचे तिला स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. शनिवारची दुपार ठरवा, मुलांना आणि मिस्टरांना बाहेर पाठवा. तिच्या ऑफिसातल्या महिनाअखेरच्या कामाचे दिवस टाळा. त्यांचे भांडण होऊन नुकताच समेट झाला असेल, तर तो आठवडाही जाऊ द्या, कारण त्या दिवसांत तो तिला जगातला सर्वांत प्रेमळ माणूस वाटत असतो.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे अधिक लिहिते, कारण तुमच्या पत्रात “इतकी हुशार मुलगी, तिला कळत कसं नाही” असा सूर मला ओळींमागे ऐकू आला. चार दिवस अबोला आणि पाचव्या दिवशी भेटवस्तू, हा क्रमच माणसाला बांधून ठेवतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यात कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दर टोच्याला दाणा मिळणारे कबूतर दाणे बंद झाल्यावर लवकर थांबते, आणि ज्याला दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, ते मात्र दाणे संपल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहते. माणसाचे मन याहून फार गुंतागुंतीचे असते हे खरे, पण अनिश्चित प्रेमाची ओढ अशीच चिवट होते. अबोल्याच्या त्या चार दिवसांत तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकतो, की तो पुन्हा कधी बोलेल. तो बोलला की सुटल्यासारखे वाटते आणि ते सुटणेच तिला प्रेम वाटू लागते. यात अकलेचा काही संबंध नाही. ऑफिसच्या ताळेबंदात पन्नास रुपयांचा फरक शोधून काढणारी मुलगीही यात सापडू शकते, आणि सापडली आहे.

जॅक ब्रेम या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलेली गोष्टही इथे उपयोगी आहे. आपले स्वातंत्र्य कोणी हिरावते आहे असे वाटले, की माणूस नेमकी तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही एकच वाक्य बोललात आणि ती दोन महिने दूर गेली, त्याचे कारण मला यात दिसते. त्या वाक्यात माहिती काहीच नव्हती, फक्त तुमचा निकाल होता. या वेळी निकाल तुमच्याजवळ ठेवा आणि माहिती तिला द्या.

आता प्रत्यक्ष बोलणे. चहा होऊ द्या. मग प्रस्तावना न लांबवता, पण तिचा हक्क राखून सुरुवात करा. मी तुमच्या जागी असते तर असे म्हटले असते : “मला एक गोष्ट कळली आहे. ती तुझ्याबद्दल आहे, म्हणून ती तुझ्यापाशी असायला हवी असं मला वाटतं. ऐकून तू काय करायचं ते तुझं तू ठरव, मी मावशीला किंवा काकांना काही सांगितलेलं नाही आणि तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. आत्ता सांगू का?” शेवटचा प्रश्न मनापासून विचारा. ती “नको” म्हणाली तर त्या दिवशी थांबा. नव्वद टक्के वेळा माणूस तासाभरात स्वतःच विचारतो असा माझा अनुभव आहे.

मग फोटो दाखवा, तारीख सांगा, कोणाकडून आला ते सिन्नरच्या मुलीने मुभा दिली असेल तेवढेच सांगा आणि गप्प राहा. हे गप्प राहणे सर्वांत अवघड आहे. त्याला हरामखोर, लफंगा, काहीही म्हणू नका, कारण तुम्ही त्याला शिवी दिलीत की त्याची बाजू घेण्याचे काम तिच्याकडे जाते. “मी सांगितलं होतं” हे शब्द तर त्या दिवशीच काय, पुढेही कधी तोंडातून निघू देऊ नका.

मेसेजबद्दल मात्र मनाची नीट तयारी करून मगच तो दाखवा. तुम्हाला तो पुरावा वाटतो, आणि आहेच. परंतु तिच्यासाठी ते वाक्य तिच्या दोन वर्षांतल्या सर्वांत हळव्या रात्रीचे असू शकते. कर्जाच्या कागदावर सही करायला तिचा हात ज्या शब्दांमुळे वळला ते कदाचित हेच शब्द असतील. तेच शब्द, तीच चूक, दुसऱ्या एका मुलीच्या मोबाइलवर पाहताना पैशांपेक्षा मोठे काहीतरी तिच्या हातून जाणार आहे. म्हणून आधी फोटो, आणि ती फोटोबद्दल “हा जुना असेल”, “घरच्यांनी बळजबरी केली असेल” असे म्हणू लागली, तरच मेसेज. दाखवताना “बघ, तुलाही हेच लिहिलं होतं” असे काही म्हणू नका. ‘सांभळून’ तिचे तिलाच दिसेल.

यावर ती काय करेल, हे कोणालाच आधी सांगता येणार नाही. ती चिडली आणि “तुला माझं चांगलं बघवत नाही” म्हणाली, तर वाद घालू नका. “तुला राग येणं मी समजू शकते, मी इथेच आहे” एवढे पुरे. ती शांतपणे “मला माहीत आहे” म्हणाली, तर धक्का बसल्याचे दाखवू नका. त्याने साखरपुड्याची एक सोयीस्कर गोष्ट तिला आधीच सांगून ठेवलेली असणे अगदी शक्य आहे, आणि ती गोष्ट तिला पुरती पटलेली नसणेही शक्य आहे. अशा वेळी “मग तुला त्यावर काय वाटतं?” हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. आणि तिने तिथेच त्याला फोन लावायला घेतला, तर मात्र तिला विनंती करा, की एक रात्र थांब. कारणही खरे सांगा : फोन केल्यावर तो पहिल्यांदा हे कोणी सांगितले ते काढून घेईल, नंतर सांगणाऱ्याच्या मनात तुझ्याविषयी मत्सर आहे असे म्हणेल आणि तिसऱ्या वाक्यात रडेल, हे झाल्यावर तुला स्वतःला काय वाटते ते ऐकू येणार नाही. तरीही तिने फोन केला तर तिचा हात धरू नका.

“तो किंवा मी” अशी अट कोणत्याही परिस्थितीत घालू नका. मी पाहिलेल्या अशा जवळपास प्रत्येक नात्यात मुलगी पहिल्या खेपेला बाहेर पडलेली नाही. ती जाते, परत येते, पुन्हा जाते. तुमच्या बहिणीने शनिवारी सगळे ऐकले आणि सोमवारी ती पुन्हा त्याला भेटली, तर तुमचे बोलणे वाया गेले असे समजू नका. ऐकलेले ती विसरलेली नसते, ते पचवायला तिला वेळ लागत असतो.

पैशांचा विषय पहिल्या बैठकीत तुम्ही काढू नका, तिने काढला तर मात्र टाळूही नका. माझ्या मते हे 5 लाख 40 हजार रुपये हेच तिच्या पायातले खरे जड लोढणे आहे. तो वाईट आहे हे मान्य केले, की पैसे गेले हेही मान्य करावे लागते, आणि मग वडिलांना काय सांगायचे हा प्रश्न उभा राहतो. म्हणून तिला एवढे सांगा, की पैशांची वाट आपण मिळून शोधू. तिचे हप्ते मात्र तुम्ही भरू नका. तिचा पगार मोकळा झाला की तो पुन्हा त्याच्याकडे वळेल. कर्ज तिच्या नावावर असल्यामुळे बँकेच्या दृष्टीने जबाबदारी तिचीच आहे, त्यामुळे नवे कर्ज, टॉप-अप किंवा जामीनदार म्हणून सही, यांपैकी काहीही आता होता कामा नये. तिच्या नावावर आणखी काही कर्ज काढलेले नाही ना, हे पाहायला क्रेडिट अहवाल मागवावा. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. बँकेची विवरणे, यूपीआयच्या नोंदी आणि ज्या मेसेजमध्ये तो “देतो” असे म्हणाला आहे ते मेसेज जपून ठेवायला हवेत. उसने दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा साधारणपणे 3 वर्षांच्या आत करावा लागतो आणि इथे दोन हंगाम उलटून गेले आहेत, म्हणून ती तयार झाली की वकिलाला भेटायला उशीर करू नका. फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

फौजदारी कायद्यातही वाट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 मध्ये लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा मानलेला आहे. परंतु ती वाट धरायची की नाही हे सर्वस्वी तिने ठरवायचे आहे. ती तयार नसताना तुम्ही पोलिसांचे नाव काढलेत, तर ती त्याला सावध करेल आणि तुमच्यापासून सावध होईल.

ज्या दिवशी ती त्याला सोडायचे ठरवेल त्या दिवसांत तुम्ही तिच्या अगदी जवळ असायला हवे. ज्याची पकड सुटू लागते तो माणूस त्याच वेळी जास्त आक्रमक होतो. “शेवटचं एकदा भेट” म्हणून तो तिला गंगापूर धरणाकडे किंवा कुठल्याही निवांत जागी बोलावेल, तिथे तिने एकटीने जाऊ नये. वस्तू परत करायच्या असतील तर तुमच्या मिस्टरांमार्फत द्याव्यात. मोबाइल, ई-मेल, नेट बँकिंग यांचे पासवर्ड आणि यूपीआयचा पिन एकाच बैठकीत, तुमच्या घरी बसून बदलावेत आणि ठिकाण दाखवण्याची सोय त्याच वेळी बंद करावी. अर्धवट बदल केले तर त्याला फक्त सूचना मिळते. त्याने तिचे खासगी फोटो पसरवण्याची धमकी दिली तर घाबरून पैसे देऊ नका, धमकीचे स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच कळवा. अंगावर येण्याची भीती असेल तर 112, सल्ला आणि आसरा हवा असेल तर महिलांसाठीचा 181. आणि तिची झोप, जेवण, जगण्याची इच्छा यांवर परिणाम दिसू लागला तर 14416 या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मोफत आणि मराठीतही बोलतात. हे चारही क्रमांक तिला आत्ता पाठवू नका. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, शनिवारी चहा करताना ते तिच्याही नजरेला पडतील.

आता तुमच्याबद्दल थोडेसे. तुमच्या पत्रात राग आहे आणि त्या रागाच्या खाली, जिला सहा वर्षे डबा भरून दिला ती मुलगी आपल्याला परकी समजू लागली याचे दुःख आहे. रविवारच्या बैठकीची कल्पना त्या दुःखातून आली असावी. ते दुःख खरे आहे. ते मिस्टरांपाशी किंवा एखाद्या मैत्रिणीपाशी मोकळे करा, शनिवारच्या त्या खोलीत मात्र ते बरोबर नेऊ नका.

शनिवार कसाही गेला, ती रडून तुमच्या गळ्यात पडली किंवा दार आपटून निघून गेली, तरी पुढच्या बुधवारी तिला एक साधा मेसेज करा. तो त्यानेही वाचला तरी हरकत नाही असा असावा : “उद्या साडेसहाला सोमेश्वरला फिरायला जाते आहे. जमलं तर ये.” आणि गुरुवारी खरोखर जा. ती आली नाही, तर पुढच्या बुधवारी तोच मेसेज पुन्हा करा, आधीच्या गुरुवारचा उल्लेख न करता. ती आली, तर पहिल्या फेरीत त्या मुलाचा विषय तुम्ही काढू नका. तिच्या ऑफिसचे विचारा, मावशीच्या गुडघ्याचे विचारा आणि चालत राहा.